चाळणीत उरलेला कोंडा फेकू नका

रेशनचा गहू गिरणीतून दळून आणला की बहुतेक घरांत पहिले काम होते ते पीठ चाळण्याचे. बारीक चाळणीतून पांढरे पीठ परातीत पडते, वर कोंडा उरतो आणि तो कचऱ्याच्या डब्यात जातो. पोळी मऊ होते, उजळ दिसते. त्याच घरात आजी तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही म्हणून रात्री चूर्ण घेत असते, वडिलांना मूळव्याधीमुळे धड बसता येत नाही आणि आईची साखर गोळ्या घेऊनही खाली येत नाही. डब्यात गेलेल्या कोंड्याचा या तिन्ही तक्रारींशी जवळचा संबंध आहे.

कोलशेत, ढोकाळी, बाळकुम या पट्ट्यातल्या वस्त्यांत आरोग्याचे काम करताना पोटाच्या तक्रारी खूप ऐकू येतात, पण अगदी शेवटी. बाई आधी डोके दुखते म्हणून सांगते, मग कंबर, मग अंगात कसर. निघताना दारात उभी राहून हळूच म्हणते, "सिस्टर, पोटच साफ होत नाही हो." शौचाबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटते. या लाजेपायी साधी तक्रार वर्षानुवर्षे अंगावर काढली जाते. म्हणून आज याच विषयावर मोकळेपणाने बोलू.

फायबर म्हणजे काय?

डॉक्टर "फायबर खा" म्हणाले की लोकांना औषधाच्या दुकानातला पावडरचा डबा आठवतो. खरे तर फायबर म्हणजे धान्य, कडधान्य, भाजी आणि फळ यांतला चोथा. लहान आतड्यात तो पचत नाही. पचत नाही म्हणून तो निकामी, असे मात्र समजू नका. न पचता पुढे जाणे हेच त्याचे काम आहे.

चोथा दोन तऱ्हेचा असतो. एक पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो. भेंडीची तार, भिजलेला सब्जा ही त्याची उदाहरणे. हा चोथा जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरू देतो आणि कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. दुसरा विरघळत नाही. गव्हाचा कोंडा, हरभऱ्याचे साल, पालेभाजीचे देठ यांत तो असतो. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मळ मऊ आणि भरीव होतो व जोर न लावता बाहेर पडतो. शिवाय मोठ्या आतड्यात कोट्यवधी उपयोगी जिवाणू राहतात, त्यांचे अन्नही हाच चोथा आहे.

डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश सर्जन अनेक वर्षे युगांडात काम करत होते. तिथल्या खेड्यांतले लोक भरपूर चोथ्याचे अन्न खात. त्यांच्यात बद्धकोष्ठता, मूळव्याध, अपेंडिक्स हे आजार फार कमी दिसतात, असे त्यांच्या लक्षात आले. १९७० च्या दशकात त्यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. तेव्हापासून फायबरकडे डॉक्टर गांभीर्याने पाहू लागले.

एक गैरसमज इथेच दूर करू. मटण, चिकन, मासळी, सुकट, अंडी, दूध यांत फायबर अजिबात नसते. हे पदार्थ ताकद देतात, ते जरूर खा. पण रविवारी नुसते मटण आणि पांढरा भात खाल्ला तर त्या दिवशी पोटात चोथा जवळजवळ गेलाच नाही असे समजा. सोबत भाकरी, कच्चा कांदा, मुळा, काकडी घ्या. जवळ्यात वांगे घाला, बोंबलात शेवग्याच्या शेंगा घाला. चवही वाढते आणि कामही होते.

आपल्या ताटातून चोथा गेला कसा?

ठाण्याच्या वस्त्यांतली आपली माणसे मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण अशा सगळीकडून आलेली आहेत. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तेव्हा परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढल्याचे ते सांगतील. त्याआधी गावात काय खात होतो? ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी, शेतातून खुडून आणलेली घोळ, चिवळ, पाथरी, तांदुळजा, आणि जवसाची किंवा कारळाची चटणी. ते गरिबीचे जेवण होते आणि पोट भरेल इतके रोज मिळतही नव्हते. त्या उपाशी दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या जेवणात चोथा भरपूर होता, हेही खरे.

शहरात हातात चार पैसे आले तेव्हा आपण साहजिकच पांढऱ्याकडे वळलो. पांढरा भात, पांढरी पोळी, मैद्याचा पाव, चहाबरोबर बिस्किट किंवा खारी. भाकरी ही गरिबाची, पांढरे अन्न सुधारलेल्या माणसाचे, असा समज मनात बसला. त्यात वेळेची मारामार. कोलशेत रस्त्यावरच्या टॉवरमध्ये चार घरची कामे करणारी बाई सकाळी चहा-बिस्किटावर निघते, दुपारी आमटी-भात खाते आणि संध्याकाळी वडापाव. तिला भाकऱ्या थापायला वेळ आहे कुठे? म्हणून सल्ला द्यायचा तर तिला जमेल असाच द्यायला हवा. गंमत अशी, की तेच भरड धान्य आता "मिलेट" या नावाने टॉवरखालच्या दुकानात चकचकीत पाकिटात, भरमसाट किमतीला मिळते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्या भाकरीची आपल्याला लाज वाटायला लागली होती, ती आज साऱ्या जगाला हवी आहे.

थोडा हिशेब करू

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला २५ ग्रॅम आणि मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीला ३० ग्रॅम फायबर हवे. पुरुषांसाठी हेच आकडे ३० आणि ४० ग्रॅम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठी किमान २५ ग्रॅम सांगितले आहे. घरकाम, नाका मजुरी, सफाई ही कष्टाचीच कामे आहेत, तेव्हा आपला आकडा ३० ते ४० धरा.

आता वर सांगितलेल्या बाईचा दिवस मोजू. दोन वेळचा मिळून पाव किलो तांदळाचा भात म्हणजे ७ ग्रॅम. पातळ तूरडाळीचे दोन. रात्रीच्या बटाट्याच्या रश्शाचे दोन. वडापाव आणि बिस्किटांचे मिळून तीन-चार. एकूण १४-१५. गरजेच्या जेमतेम निम्मे. पोट भरलेले आहे, पण चोथ्याची उपासमार चालू आहे.

याच संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात फायबर ३ ग्रॅमपेक्षा कमी आणि मैद्यातही तितकेच. ज्वारीत सुमारे १०, बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास. आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठात? तेही ११ च्या आसपास! भाकरी जमली नाही तरी बिघडत नाही, हे यातून कळते. रेशनच्या गव्हातही तेवढेच फायबर आहे, फक्त ते चाळून काढू नका.

सुरुवात रेशनपासून

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. बऱ्याच घरांत तांदूळ शिजतो आणि गहू विकला जातो किंवा बदलून तांदूळ घेतला जातो. असे करू नका. गहू निवडून, धुऊन, वाळवून दळून आणा. गिरणीवाल्याला फार बारीक नको म्हणून सांगा. खडे-किडे काढायचे ते धान्यातून काढा, पिठातून नाही. चाळायचेच असेल तर मोठ्या भोकांची चाळणी वापरा. कोंड्याच्या पिठाची पोळी कडक होते अशी तक्रार असते. पीठ थोडे सैल मळून अर्धा तास झाकून ठेवा, पोळी मऊ येते.

कायद्यात गहू आणि तांदळाबरोबर भरड धान्याचाही उल्लेख आहे. रेशनवर ज्वारी, बाजरी, नाचणी मागणे हा आपला हक्क आहे. वस्तीतल्या बायकांनी मिळून शिधावाटप कार्यालयात लेखी मागणी करावी. तोवर महिन्याला जमेल तेवढी, किलो-दोन किलो ज्वारी किंवा बाजरी विकत घ्या आणि आठवड्यातून दोन दिवस भाकरी करा. गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा ज्वारीचे पीठ मिसळले तरी चालते, लाटायला अडचण येत नाही.

भात बंद करा असे मी म्हणत नाही. दोन्ही वेळा भात असेल तर एका वेळेला पोळी किंवा भाकरी घ्या. कोकणातल्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. त्याने भात निम्मा करावा आणि उरलेली जागा उसळीला द्यावी.

डाळीबरोबर अख्खे कडधान्य

साल काढले की डाळ होते, आणि सालाबरोबर फायबर जाते. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे ९ ग्रॅम, अख्ख्या मुगात आणि मसुरात १७, मटकीत १५ आणि अख्ख्या काळ्या हरभऱ्यात तब्बल २५ ग्रॅम फायबर असते. म्हणजे मूठभर, साधारण ३० ग्रॅम हरभरे भिजवून शिजवले तर एका वाटी उसळीत सात ग्रॅम मिळते. त्यासाठी फळे-सुकामेवा लागत नाही.

वेळेचा प्रश्न असा सोडवा. रात्री झोपताना कडधान्य भिजत घाला, सकाळी कापडात बांधा, संध्याकाळी उसळ करा. गॅस वाचवायचा तर एकदम दोन दिवसांचे शिजवा. आठवड्यातून तीन दिवस उसळ, चार दिवस आमटी, इतके ठरवले तरी मोठा फरक पडतो. मुलांच्या पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाऐवजी फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे द्या. विहारात कार्यक्रमानंतर नाश्ता वाटतो, तिथे वडापावाऐवजी मटकीची उसळ आणि केळे ठेवून पाहा. शंभर माणसांना एकदम सवय लागते.

भाजी आणि फळ

महाग म्हणजे पौष्टिक, हा हिशेब भाजीत चालत नाही. शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅमला ८ ग्रॅम फायबर आहे. मेथी आणि गवारीत ५ च्या आसपास, वांगे, भेंडी आणि राजगिऱ्याच्या पाल्यात चार, बटाट्यात दोनपेक्षा कमी. फळांत पेरूला तोड नाही, १०० ग्रॅमला साडेआठ ग्रॅम. सफरचंदात अडीच. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंद नेण्याची आपली पद्धत आहे, पण मधुमेह किंवा बद्धकोष्ठता असलेल्या माणसाला पेरू न्या. फळ चावून खा. रस गाळला की चोथा गाळणीत राहतो.

पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, येऊरच्या पाड्यांतल्या आदिवासी बाया ठाण्याच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळे. या भाज्या घ्या. कशा शिजवायच्या ते त्यांनाच विचारा, कारण शेवळ्यासारखी भाजी काकडे घातल्याशिवाय घशाला खाजते. ओळख नसलेली रानभाजी स्वतः खुडून मात्र खाऊ नका.

पाकिटातल्या वस्तूंना भुलू नका. "मल्टिग्रेन" लिहिलेले बिस्किट उलटे करून घटकांची यादी वाचा. सगळ्यात जास्त असलेला पदार्थ यादीत पहिला लिहायचा नियम आहे. पहिले नाव "रिफाइन्ड व्हीट फ्लोअर" असेल तर तो मैदाच. मुलांना हे वाचायला लावा, इंग्रजीचाही सराव होईल.

आता नवा हिशेब बघा. न चाळलेल्या पिठाच्या चार पोळ्या किंवा दोन भाकऱ्या मिळून १३ ग्रॅम. एक वाटी मटकीची उसळ साडेचार. पालेभाजी चार. थोडा भात दोन. एक पेरू आठ. मूठभर शेंगदाणे दोन. झाले की ३३. पेरू नसेल त्या दिवशी केळे आणि गाजर खा, तरी तिशीच्या जवळ जाल.

एकदम नको, हळूहळू

संयुत्त निकायातल्या दोणपाक सुत्तात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. राजा मापभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मात्रा जाणून खाण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश रोज जेवताना म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचे जेवण कमी होत योग्य मापावर आले आणि शरीर हलके झाले. एका दिवसात काही बदलले नाही. आठवण करून देणारे कुणीतरी होते आणि बदल टप्प्याटप्प्याने झाला.

फायबरचेही तसेच आहे. एकदम वाढवले तर पोट फुगते, गुबारा धरतो, आणि माणूस म्हणतो, "आम्हाला नाही सोसत." पहिल्या आठवड्यात फक्त पीठ चाळणे थांबवा. दुसऱ्या आठवड्यात उसळ वाढवा. तिसऱ्यात पालेभाजी आणि फळ. दोन-तीन आठवड्यांत आतड्यांना सवय होते.

आणि पाणी प्या. चोथा पाणी धरतो तेव्हाच मळ मऊ होतो. पाण्याशिवाय चोथा वाढवला तर त्रास उलट वाढतो. इसबगोल किंवा सब्जा कोरडा कधीही गिळू नका, तो घशात फुगून अडकू शकतो. इसबगोल आणि इतर औषधे यांत दोन तासांचे अंतर ठेवा.

मिश्रीबद्दलही बोलायला हवे. "मिश्री लावल्याशिवाय मला होतच नाही," असे किती तरी बायका सांगतात. तंबाखूतले निकोटिन आतड्यांना चाळवते म्हणून तसे होते. पण त्याची किंमत तोंडाच्या कॅन्सरने आणि कमी वजनाच्या बाळाने मोजावी लागते. मिश्री सोडायची असेल तर सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रोज ठरलेल्या वेळी शौचाला बसणे आणि रात्रीच्या जेवणात चोथा, या तीन गोष्टींनी पोटाला नवी सवय लागते.

प्रश्न संडासाचाही आहे

पाणी प्या, हे सांगणे सोपे. वस्तीतल्या बाईला ते परवडत नाही. सार्वजनिक संडासाला सकाळी रांग, आत दिवा नाही, कडी तुटलेली. कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत. म्हणून ती पाणी कमी पिते आणि वेग आला तरी दाबून ठेवते. मळ आतड्यात जितका जास्त थांबतो तितके त्यातले पाणी शोषले जाते आणि तो कडक होतो. मग जोर लावावा लागतो, फाटते, रक्त येते, आणि दुसऱ्या दिवशी भीतीने ती आणखी थांबते. शाळेतल्या मुलींचेही असेच होते. अशा बाईला नुसता पेरू देऊन तिचा आजार जाणार नाही.

स्वच्छ भारत अभियानाच्या निकषांप्रमाणे सामुदायिक संडासात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट हवी. आपल्या वस्तीत किती आहेत, त्यातल्या किती चालू आहेत, पाणी, दिवा, कडी आहे का, हे मोजा आणि कागदावर लिहा. तो कागद सगळ्यांच्या सह्यांसह प्रभाग समितीत द्या आणि पोच घ्या. हाही पोटाच्या आजारावरचा उपचारच आहे.

कोणी जपावे, दवाखान्यात कधी जावे?

मधुमेहात फायबर फार उपयोगी आहे. बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरच्या वर्षांत किती छळले, हे आपल्याला माहीत आहे. पण भाकरीने साखर वाढतच नाही, हे खरे नाही. चार भाकऱ्या खाल्ल्या तर वाढणारच. भाकरी मोजून, भाजी-उसळ जास्त, असे ताट ठेवा. आणि आहार बदलला म्हणून गोळ्या किंवा इन्शुलिन मनाने बंद करू नका.

किडनीचा आजार, आतड्याचे ऑपरेशन झालेले किंवा आतड्यात अडथळा येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. दोन वर्षांखालच्या बाळाचे पोट लहान असते. त्याला कोंड्याने भरू नका, मऊ वरण-भात, खिमट, अंडे द्या. गरोदर बाईला लोहाच्या गोळीने मळ कडक होतो. गोळी थांबवू नका, पाणी आणि उसळ-भाजी वाढवा, आणि गोळी चहाबरोबर घेऊ नका.

पुढील लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका: शौचातून रक्त किंवा काळा मळ, कारण नसताना वजन उतरणे, शौचाची सवय बदलून तीन आठवड्यांहून जास्त झाले. सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात तपासून घ्या. पोट फुगले, उलट्या होत आहेत आणि वाराही सरत नाही, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. "मूळव्याध एका दिवसात बरी" अशा भिंतीवरच्या आणि लोकलमधल्या जाहिरातींना फसू नका. रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे नसते. ते तपासल्याशिवाय कळत नाही.

चूर्ण किंवा जुलाबाच्या गोळ्या रोजच्या रोज घेणाऱ्यांनीही डॉक्टरांशी बोलावे. त्याने पोट त्या दिवसापुरते रिकामे होते, मूळ कारण तिथेच राहते.

या आठवड्यात एवढेच करा: पीठ चाळू नका, आणि आज रात्री झोपण्याआधी मूठभर हरभरे भिजत घाला. पुढच्या रविवारी विहारात भेटाल तेव्हा कुणाला काय जमले, कुणाचे पोट फुगले, संडासाच्या मोजणीला कोण कोण येणार, हे एकमेकींना विचारा. लाजू नका.

जय भीम!